छोटेखानी आणि देखणे विवाहभोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोजक्या माणसांसोबत निवांत बसून जेवावे आणि त्या जेवणाला विवाहाच्या दिवसाची शोभाही असावी, अशी इच्छा अनेक जोडपी व्यक्त करतात. अशा भोजनाची आखणी करताना पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगितलेली बरी. समोरासमोर बसलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरे नीट दिसावेत, एकमेकांचे बोलणे सहज ऐकू यावे आणि गरम पदार्थ गरम असतानाच खाता यावेत, या तीन गोष्टी साधल्या की भोजन देखणे होते. सजावटीचा प्रत्येक निर्णय या तीन गोष्टींना मदत करतो की त्यांच्या आड येतो, हे पाहूनच घ्यावा.

छोटेखानी भोजन म्हणजे नेमके किती पाहुणे?

याचा सर्वमान्य आकडा नाही. साधारणपणे १२ ते ५० पाहुण्यांच्या भोजनाला छोटेखानी म्हटले जाते. आपल्यापुरता आकडा ठरवण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे वेळेचा हिशेब. भोजन अडीच तास चालणार असेल आणि त्यातला निदान दीड तास वधूवरांनी स्वतः जागेवर बसून जेवावे असे वाटत असेल, तर पाहुण्यांमध्ये फिरण्यासाठी एक तास उरतो. प्रत्येक जोडीला ५ मिनिटे दिली, तर त्या तासात १२ जोड्यांशी, म्हणजे सुमारे २४ जणांशी मनासारखे बोलणे होते. पाहुणे ४० असतील तर २० जोड्यांसाठी १०० मिनिटे लागतात, आणि मग स्वागताचा वेळही या गाठीभेटींसाठी वापरावा लागतो. त्याहून संख्या वाढली की वधूवरांची संध्याकाळ नमस्कार करण्यात संपते आणि त्यांच्या ताटातले अन्न निवते. माझ्या मते २० ते ३० ही संख्या सर्वांत सुखाची आहे, कारण तेवढी माणसे एका लांब टेबलाभोवती किंवा तीन-चार गोल टेबलांभोवती मावतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा संध्याकाळभरात एकदा तरी जवळून दिसतो.

यादी आटोपशीर कशी ठेवावी आणि ज्यांना बोलावता येणार नाही त्यांना काय सांगावे?

नावे लिहायला बसण्यापूर्वी एक नियम ठरवावा आणि तो दोन्ही घरांना सारखाच लावावा. उदाहरणार्थ, गेल्या वर्षभरात ज्यांच्याशी वधू किंवा वर यांचे स्वतःहून बोलणे झाले आहे, तेच पाहुणे. नियमाला पहिला अपवाद झाला की दुसऱ्याला नकार देणे अवघड जाते, आणि यादी नेमकी तिथूनच वाढू लागते. ज्यांना बोलावलेले नाही पण ज्यांना वाईट वाटण्याची शक्यता आहे, अशा जवळच्या माणसांना भोजनाची बातमी इतरांकडून कळण्याआधी स्वतः फोन करून सांगावे. कारणांची लांबण लावू नये. भोजन अगदी मोजक्या माणसांचे ठेवले आहे आणि तुम्हाला निवांत भेटायला आम्ही वेगळे येणार आहोत, एवढे पुरे असते. मात्र असे म्हटल्यावर त्या भेटीची तारीख खरोखर ठरवावी.

निमंत्रण सहा ते आठ आठवडे आधी जावे आणि त्यावर ज्यांना बोलावले आहे त्यांची नावे स्पष्ट असावीत, म्हणजे मुलांना आणायचे का, सोबत कोणी चालेल का, असे प्रश्न उरत नाहीत. उत्तराची मुदत भोजनाच्या तीन ते चार आठवडे आधीची ठेवावी आणि मुदत उलटल्यावर उत्तर न आलेल्यांना निःसंकोच फोन करावा. तीस माणसांच्या भोजनात चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर त्या सर्वांच्या डोळ्यांत भरतात.

जागा निवडताना काय पाहावे?

ज्या वेळी भोजन होणार आहे त्याच वेळी जागा पाहायला जावे. दुपारी प्रसन्न वाटणारी खोली रात्री छतावरच्या पांढऱ्या दिव्यांत निस्तेज दिसू शकते, आणि संध्याकाळी शेजारच्या रस्त्याचा किंवा दुसऱ्या समारंभाचा आवाज किती येतो हेही त्याच वेळी कळते. बसून जेवण्यासाठी प्रत्येक पाहुण्यामागे सुमारे दीड चौरस मीटर जागा धरावी. स्वागतासाठी उभे राहायची जागा त्याहून वेगळी. लहान खोलीत दाटी होते हे सर्वांना ठाऊक असते, पण अवाजवी मोठ्या दालनाचा तोटा सहसा ध्यानात घेतला जात नाही. तीनशे माणसांच्या दालनात तीस माणसे बसली की बाकीचे पाहुणे यायचे राहिले आहेत असे वाटत राहते. अशी जागा घ्यावीच लागली, तर पडदे किंवा उंच कुंड्यांनी भोजनाचा भाग वेगळा करावा, फक्त तेवढ्याच भागात उजेड ठेवावा आणि उरलेले दालन अंधुक राहू द्यावे.

स्वयंपाकघर टेबलापासून किती दूर आहे, व्हीलचेअर पायऱ्यांशिवाय आत येते का, स्वच्छतागृहाकडे जाण्याची वाट उजेडाची आहे का, उघड्या ज्योतीच्या मेणबत्त्यांना परवानगी आहे का आणि दिवे मंद करण्याची सोय आहे का, हे पाच प्रश्न करार करण्यापूर्वी विचारावेत.

एकच लांब टेबल चांगले की गोल टेबले?

दोन्हींचे गुण वेगळे आहेत. लांब टेबल सर्वांना एका कुटुंबासारखे एकत्र आणते आणि दिसायला अतिशय शोभिवंत असते. परंतु त्यावर बसलेला पाहुणा प्रत्यक्षात समोरचे तिघे आणि दोन्ही बाजूंचे दोघे अशा पाच जणांशीच बोलू शकतो. गोल टेबलावर सात-आठ जणांचे एकच संभाषण रंगू शकते, पण खोलीची मात्र वेगवेगळी बेटे होतात. पाहुणे २४ पर्यंत असतील आणि खोली लांबट असेल, तर मी लांब टेबलाची शिफारस करेन. त्याहून जास्त पाहुणे असल्यास गोल टेबले किंवा दोन समांतर लांब टेबले बरी.

मापांचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक पाहुण्याला टेबलाची कड निदान ६० सेंटिमीटर मिळाली पाहिजे. ७० मिळाली तर कोपराला कोपर लागत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना १२-१२ असे २४ जण बसवायचे असतील, तर टेबलाची लांबी ७.२ ते ८.४ मीटर लागते. रुंदीकडेही तितकेच लक्ष द्यावे. भाड्याने मिळणारी नेहमीची टेबले बहुधा ७५ सेंटिमीटर रुंद असतात. त्यावर दोन्ही बाजूंच्या ताटल्या मांडल्या की मधे फुलांसाठी अरुंद पट्टीच उरते, आणि पदार्थांची भांडी मधे ठेवायची असतील तर ही रुंदी मुळीच पुरत नाही. त्यासाठी १०० ते ११० सेंटिमीटर हवेत. मात्र १२० च्या पुढे गेल्यास समोरच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो.

गोल टेबलाच्या बाबतीत १५० सेंटिमीटर व्यासाच्या टेबलाचा परीघ सुमारे ४७० सेंटिमीटर होतो, म्हणून त्यावर ८ जण जेमतेम आणि ७ जण ऐसपैस बसतात. १८० सेंटिमीटरच्या टेबलावर १० जण बसवण्याची पद्धत असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५६ सेंटिमीटरच येतात आणि समोरचा माणूस जवळजवळ दोन मीटर दूर जातो. जवळिकीचे भोजन हवे असेल तर लहान व्यासाची टेबलेच घ्यावीत.

दोन टेबलांमध्ये किती अंतर सोडावे?

दोन्हीकडे खुर्च्यांवर माणसे बसलेली असताना मधून वाढपी जाऊ शकावा यासाठी टेबलाच्या कडेपासून दुसऱ्या टेबलाच्या कडेपर्यंत किमान १५० सेंटिमीटर, आणि भिंतीच्या बाजूला किमान ९० सेंटिमीटर अंतर असावे. जिथून वाढप व्हायचे आहे त्या बाजूला थोडी अधिकच जागा ठेवावी.

कोणी कुठे बसायचे हे आधी ठरवावे का, की पाहुण्यांवर सोपवावे?

आधी ठरवावे, असे मी आग्रहाने सांगेन. मोकळी आसने ठेवली की ओळखीचे ओळखीच्यांजवळ बसतात, उशिरा आलेल्या जोडप्याला दोन वेगवेगळ्या टोकांना जागा मिळते आणि एकटा आलेला मित्र कुठे बसू या विचाराने भिंतीशी उभा राहतो. नामपट्टिका ठेवणे हा औपचारिकपणाचा बडेजाव वाटू शकतो, पण तुमची जागा आम्ही विचार करून राखून ठेवली आहे, हा निरोप त्या छोट्याशा कागदातून पाहुण्याला मिळतो.

आसने ठरवताना सर्वांत कमी ओळखी असलेल्या पाहुण्यापासून सुरुवात करावी. त्याच्या एका बाजूला त्याच्या ओळखीचे एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला सहज बोलके असलेले एक अनोळखी माणूस द्यावे. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना स्पीकरपासून दूर, शक्यतो भिंतीकडे पाठ होईल असे बसवावे, म्हणजे मागून येणारा आवाज कमी होतो आणि बोलणाऱ्यांचे चेहरे त्यांच्यासमोर राहतात. ज्यांना मधूनच उठावे लागणार आहे त्यांना, म्हणजे तान्ह्या बाळाच्या आईला किंवा चालायला काठी लागणाऱ्या आजींना, बाहेर पडायच्या वाटेजवळची कड द्यावी. ज्या दोन व्यक्तींमध्ये अबोला आहे त्यांना एकमेकांच्या नजरेसमोर बसवू नये. लांब टेबलावर त्यांना एकाच बाजूला चार-पाच खुर्च्यांच्या अंतराने बसवले की दृष्टादृष्ट टळते. वधूवरांनी लांब टेबलाच्या टोकाला बसण्याऐवजी मधोमध बसावे, कारण टोकाला बसल्यास त्यांच्याजवळ मोजकेच पाहुणे असतात. हा आराखडा भोजनाच्या आठवडाभर आधी पक्का करावा आणि त्याची एक प्रत कॅटररकडे द्यावी, म्हणजे कोणत्या खुर्चीवर कोणता विशेष आहार वाढायचा हे वाढप्यांना विचारत बसावे लागत नाही.

सजावटीची सुरुवात कुठून करावी?

जी गोष्ट बदलता येणार नाही तिच्यापासून. खोलीच्या भिंतींचा रंग, फरशी, खिडक्यांचे पडदे आणि खुर्च्या या गोष्टी तिथे आधीपासूनच आहेत, आणि आपण निवडलेले रंग त्यांच्यासोबतच दिसणार आहेत. तांबूस लाकडाच्या खोलीत फिकट गुलाबी फुले मळकट वाटू शकतात; तिथे हस्तिदंती, गडद हिरवा किंवा डाळिंबी रंग उठून दिसतो. एक मुख्य रंग, एक साथीचा रंग आणि एक धातू, म्हणजे पितळ, तांबे किंवा चांदी यांपैकी एकाच प्रकारची झळाळी, एवढ्यावर थांबावे. समोर आलेली चौथी सुंदर कल्पना नाकारणे सर्वांत कठीण जाते, परंतु छोट्या भोजनातला देखणेपणा बहुतांशी या नकारांवरच उभा असतो.

पाहुण्यांचे डोळे अडीच तास टेबलावरच राहणार आहेत. त्यामुळे प्रवेशद्वाराची कमान, छतावरून लोंबणारी फुले आणि छायाचित्रांसाठीची पार्श्वभूमी यांवर शक्ती खर्च करण्याऐवजी हाताच्या अंतरावरच्या वस्तूंकडे लक्ष द्यावे. स्वच्छ काचेचे पेले, जाड सुती नॅपकिन, नीट छापलेली मेन्यूची पत्रिका आणि सुवाच्य अक्षरातले नाव या गोष्टी पाहुणा हातात घेतो, आणि हाताला जाणवलेली गुणवत्ता जास्त लक्षात राहते.

फुलांची उंची किती असावी आणि कोणती फुले टाळावीत?

टेबलाची उंची साधारणतः ७५ सेंटिमीटर असते आणि खुर्चीवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून ११५ ते १२० सेंटिमीटरवर येतात. म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागापासून सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटरवर नजरेची रेषा असते. फुलांची रचना ३० सेंटिमीटरच्या आत ठेवावी, अथवा अगदी बारीक दांड्याच्या उंच स्टँडवर ६० सेंटिमीटरच्या वर न्यावी. मधल्या पट्ट्यात काहीही ठेवू नये. फुलवाल्याने नमुना दाखवला की तो खुर्चीवर बसूनच पाहावा, कारण उभ्याने पाहिल्यावर प्रत्येक रचना ठेंगणीच वाटते.

उग्र सुगंधाची फुले जेवणाच्या टेबलावर नकोत. निशिगंध आणि सुगंधी लिली कितीही मोहक असल्या तरी त्यांचा वास अन्नाच्या वासात मिसळतो आणि काहींचे डोके दुखू लागते. त्यांना प्रवेशद्वाराशी जागा द्यावी. लिलीच्या परागाचे डाग कापडावरून सहजी जात नाहीत, म्हणून फूल उमलताच परागकोश काढून टाकावेत. अन्नावर किंवा केकवर फुले ठेवायची असतील तर ती खाद्य म्हणून वाढवलेलीच असावीत. कण्हेरीसारखी विषारी फुले अन्नाच्या जवळसुद्धा आणू नयेत.

फुले टवटवीत राहावीत यासाठी देठ तिरके कापून ती मांडणीपूर्वी काही तास, शक्य झाल्यास रात्रभर, थंड जागी पाण्यात ठेवावीत. पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी त्यांना ठेवू नये, कारण फळांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात. मोसमातली फुले स्वस्त पडतातच, शिवाय ती अधिक काळ टिकतात. एका मोठ्या गुच्छाऐवजी वेगवेगळ्या उंचीच्या लहान बाटल्यांतून दोन-दोन, तीन-तीन फुले टेबलभर मांडली तर कमी फुलांतही टेबल भरलेले दिसते आणि मधल्या फटींतून समोरचा माणूसही दिसत राहतो.

प्रकाशयोजनेला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण तीच फुले, तेच कापड आणि तेच चेहरे वेगळ्या उजेडात वेगळे दिसतात. दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळसर. मेणबत्तीची ज्योत सुमारे १,९०० केल्विनची असते, उबदार पिवळसर दिवे २,७०० चे आणि कार्यालयांत लावतात ते पांढरे दिवे ४,००० किंवा त्याहून अधिक. भोजनासाठी सर्व दिवे २,७०० किंवा त्याखालचेच असावेत आणि खोलीत दोन छटांची भेसळ होऊ देऊ नये. एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळसर पांढरा उजेड पडला की चेहरे आजारी दिसतात आणि छायाचित्रांतही तो दोष निघत नाही. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा छापलेला असतो. तो ९० च्या वर असेल तर अन्नाचे आणि कापडाचे रंग खरे दिसतात.

उजेडाची दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. डोक्याच्या थेट वर असलेल्या प्रखर दिव्यामुळे डोळ्यांखाली सावल्या पडतात. त्याऐवजी टेबलावरच्या मेणबत्त्या, बाजूच्या भिंतींवर पडणारा मंद प्रकाश आणि टेबलाच्या वर हलकासा पसरलेला उजेड असे तीन थर असावेत. दिवे मंद करणारा डिमर असेल तर स्वागताच्या वेळी उजेड अधिक, जेवताना मध्यम आणि गोड पदार्थानंतर आणखी मंद असा क्रम ठेवता येतो. पण मेन्यूची पत्रिका वाचण्यासाठी पाहुण्यांना मोबाइलचा दिवा लावावा लागला, तर उजेड गरजेपेक्षा कमी झाला असे समजावे.

मेणबत्त्या किती लावाव्यात आणि त्या सुरक्षित कशा ठेवाव्यात?

प्रत्येक दोन पाहुण्यांमागे तीन छोट्या ज्योती धरल्या तर टेबल उजळते. लहान टीलाइट साधारणपणे चार तास चालते, त्यामुळे ती पाहुणे यायच्या फार आधी लावू नये. उंच, निमुळती मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर जळते, हे लक्षात घेऊन तिची लांबी निवडावी. ती अशी असावी की ज्योत डोळ्यांच्या रेषेत येणार नाही. बिनसुगंधी मेणबत्त्याच घ्याव्यात. ज्योत फुलांपासून, कागदापासून आणि लटकत्या कापडापासून दूर असावी. खिडकी किंवा पंखा असेल तर काचेची नळी लावावी. जिथे लहान मुले बसणार आहेत किंवा लांब बाह्यांचे पोशाख आहेत, तिथे बॅटरीवरच्या चांगल्या प्रतीच्या मेणबत्त्या वापरण्यात काहीही उणेपणा नाही. विझवण्याचे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे.

टेबलक्लॉथचे माप कसे काढायचे?

टेबलाच्या मापात दोन्ही बाजूंची लोंब मिळवायची. कापड जमिनीपर्यंत हवे असेल तर टेबलाच्या उंचीइतकी, म्हणजे ७५ सेंटिमीटर लोंब दोन्हीकडे धरावी. १५० सेंटिमीटरच्या गोल टेबलाला ३०० सेंटिमीटर व्यासाचे कापड लागते. टेबलाचे पाय साधे किंवा खरचटलेले असतील तर जमिनीपर्यंतचे कापडच शोभते. टेबल स्वतः सुंदर लाकडाचे असेल तर ते झाकण्याऐवजी मधून फक्त एक रनर, म्हणजे कापडाची लांब अरुंद पट्टी, घालावा. कापड टेबलावर घातल्यावर जागेवरच इस्त्री करावी, कारण घड्यांच्या रेषा मंद उजेडात अधिक स्पष्ट दिसतात.

प्रत्येकाला जागेवर वाढावे, टेबलावर भांडी ठेवावीत की बुफे ठेवावा?

जागेवर ताटल्या आणून वाढण्याची पद्धत सर्वांत औपचारिक आणि नेटकी आहे. तिला दर १० ते १२ पाहुण्यांमागे एक वाढपी लागतो आणि स्वयंपाकघर जवळ असावे लागते. बुफेला दर २० ते २५ पाहुण्यांमागे एक माणूस पुरतो, पण त्यात रांग लागते आणि प्रत्येक टेबलावरचे अर्धे पाहुणे सतत उठलेले असतात, त्यामुळे बोलणे तुटत राहते. या दोहोंच्या मधली रीत म्हणजे मोठी भांडी टेबलावर ठेवून ती एकमेकांकडे सरकवणे. हे घ्या, थोडे आणखी घ्या, असे म्हणता म्हणता अनोळखी माणसांची ओळख होते, म्हणून छोट्या भोजनासाठी ही रीत मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. त्यासाठी रुंद टेबल हवे, भांडी एका हाताने उचलता येतील इतकी हलकी हवीत आणि प्रत्येक सहा ते आठ पाहुण्यांमागे भांड्यांचा एक पूर्ण संच हवा.

मेन्यूत किती पदार्थ ठेवावेत आणि आहाराची पथ्ये कशी सांभाळावीत?

सुरुवातीचा, मुख्य आणि गोड असे तीन टप्पे बहुतेक वेळा पुरेसे होतात. प्रत्येक टप्प्यात थोडेच पदार्थ असावेत, पण ते उत्तम झालेले असावेत. ज्या पदार्थाची चव पाच मिनिटे थांबल्यावर उतरते, तो एकाच वेळी तीस जणांना वाढायच्या भोजनात घेऊ नये, मग तो कितीही आवडता असो. कॅटररकडे चव पाहायला जाताना, तीस ताटल्या भरायला त्यांना किती वेळ लागतो हेही विचारावे.

निमंत्रणाच्या उत्तरासोबतच प्रत्येकाला आहाराविषयी विचारावे आणि आवड, व्रत किंवा धर्माचा नियम आणि अॅलर्जी या तीन गोष्टींची वेगवेगळी नोंद करावी. दाणे, सुकामेवा, दूध, अंडे, गहू, सोया, तीळ, मासे आणि कवचधारी जलचर यांच्या अॅलर्जी विशेष आढळतात. काही लोकांना अगदी अल्प अंशसुद्धा धोकादायक ठरू शकतो, म्हणून त्यांचे अन्न वेगळ्या भांड्यांत शिजवावे आणि वेगळ्या पळीने वाढावे. पथ्याचे ताट इतरांच्या ताटासारखेच देखणे असावे आणि इतरांसोबतच यावे.

अन्नाच्या सुरक्षिततेबाबत गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. या दोहोंच्या मधल्या तापमानात अन्न दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एका तासाहून अधिक नाही.

संध्याकाळचे वेळापत्रक कसे आखावे?

स्वागत आणि पेयांसाठी ४५ मिनिटे, स्थानापन्न होण्यासाठी १५ मिनिटे, पहिल्या टप्प्यासाठी २५ ते ३० मिनिटे, मुख्य जेवणासाठी ४५ ते ५० मिनिटे, गोड पदार्थासाठी अर्धा तास आणि मधल्या विरामांत मनोगते, असे धरले तर भोजन सुमारे तीन ते साडेतीन तासांत पूर्ण होते. ४५ मिनिटांच्या स्वागतात काहीतरी हलके खायला असलेच पाहिजे, विशेषतः विधी लांबलेला असेल तर. छायाचित्रांसाठी वधूवर एक तास गायब झाले की पाहुणे ताटकळतात आणि ती नाराजी टेबलावर येते. म्हणून कुटुंबाची छायाचित्रे शक्य तितकी विधीपूर्वी काढावीत.

मनोगते कधी आणि किती असावीत?

दोन टप्प्यांच्या मधल्या विरामात, तीन किंवा फार तर चार व्यक्तींची, प्रत्येकी ३ ते ५ मिनिटांची. गरम अन्न वाढल्यावर कोणीही माइक हाती घेऊ नये, आणि कॅटररला या वेळा लेखी द्याव्यात. ज्यांनी बोलायचे आहे त्यांना दोन आठवडे आधी विनंती करावी. ऐनवेळी आग्रह करून उठवलेला माणूस संकोचतो. तीस माणसांसाठी माइक बहुधा लागत नाही, पण वयस्क पाहुणे असतील किंवा भोजन उघड्यावर असेल तर तो ठेवावा.

संगीताचा आवाज किती असावा?

सामान्य संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते, तेव्हा जेवताना वाजणारे संगीत त्याहून स्पष्टपणे खाली राहिले पाहिजे. एका कोपऱ्यात एकच मोठा स्पीकर लावला तर जवळच्यांना तो असह्य होतो आणि दूरच्यांना ऐकूच येत नाही. तीन-चार लहान स्पीकर हळू आवाजात लावणे उत्तम. जेवणाच्या वेळी शब्द नसलेले वाद्यसंगीत बरे, कारण गाण्याचे शब्द बोलण्यात अडथळा आणतात. काच, फरशी आणि मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो आणि सगळेच मोठ्याने बोलू लागतात. जाड पडदे, गालिचा आणि टेबलावरचे कापड तो आवाज शोषून घेतात, त्यामुळे अशा खोलीत कापडाची सजावट करणे दुहेरी उपयोगाचे ठरते.

भोजन उघड्यावर ठेवावे का?

ठेवावे, पण पर्यायी छप्पर आधी ठरवून. पावसाची शक्यता असल्यास आत जायचा निर्णय कोणी आणि किती वाजता घ्यायचा हे आधीच लिहून ठेवावे, कारण शेवटच्या तासात प्रत्येकाचे मत वेगळे असते. त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ पाहून, पाहुणे संधिप्रकाशात स्थानापन्न होतील असे वेळापत्रक लावावे. वाऱ्यासाठी टेबलक्लॉथला खालून क्लिपा लावाव्यात आणि मेन्यूच्या पत्रिका ताटलीखाली अर्ध्या सरकवून ठेवाव्यात. हिरवळीवर टोकदार टाचा रुततात, म्हणून निमंत्रणातच जमिनीविषयी एक ओळ लिहावी. गारव्यासाठी काही शाली आणि अंधारात चालण्याच्या वाटेवर दिवे असावेत.

खर्च मर्यादित असेल तर कशाला प्राधान्य द्यावे?

आधी अन्न आणि वाढपी, मग प्रकाश, मग खुर्च्या आणि कापड, आणि शेवटी फुले. अडीच तास बसायची खुर्ची अवघडलेली असेल तर पाहुणे गोड पदार्थाआधीच उठू लागतात, म्हणून खुर्चीवर स्वतः निदान वीस मिनिटे बसून पाहावे. भेटवस्तू, छापील फलक आणि स्वागताच्या पाट्या या गोष्टी पहिल्यांदा कमी कराव्यात. पाहुण्यांची संख्या चारने घटवली तर बहुतेक वेळा सजावटीत काटछाट करण्याची गरजच पडत नाही.

त्या दिवशी सर्व व्यवस्थेवर कोणी लक्ष ठेवावे?

वधूवरांनी नक्कीच नाही, आणि त्यांच्या आईवडिलांनीही नाही. त्यांनी जेवायला बसायचे आहे. व्यावसायिक समन्वयक नसेल तर यादीबाहेरच्या, पण विश्वासाच्या व्यक्तीला हे काम सन्मानाने सोपवावे. तिच्याकडे वेळापत्रक, आसनांचा आराखडा, सर्व सेवा देणाऱ्यांचे फोन नंबर आणि शिल्लक रकमांची पाकिटे द्यावीत. तिच्या आणि छायाचित्रकाराच्या जेवणाची वेळ व जागा कॅटररला आधीच कळवावी. आदल्या दिवशी एका जागेची मांडणी ताटली, पेला, नॅपकिन, नामपट्टिका आणि मेणबत्तीसह पूर्ण करून तिचे छायाचित्र काढावे, म्हणजे मांडणी करणाऱ्यांना उरलेल्या सर्व जागा तशाच लावता येतात.

भोजनानंतर उरलेल्या फुलांचे आणि अन्नाचे काय करावे?

हे आधी ठरवले नाही तर रात्री उशिरा दमलेल्या माणसांकडून सारेच कचऱ्यात जाते. लहान बाटल्यांतली फुले पाहुण्यांना निघताना देता येतात. तशी एक ओळ मेन्यूच्या पत्रिकेच्या तळाशी छापावी, म्हणजे न्यायला कोणी संकोचत नाही. टेबलावर फिरलेले अन्न जपून ठेवू नये. स्वयंपाकघरातच राहिलेले, योग्य तापमानात ठेवलेले अन्न मात्र त्याच रात्री एखाद्या अन्नदान करणाऱ्या संस्थेकडे पोहोचवता येते. त्यासाठी झाकणाचे डबे, गाडी आणि अन्न नेणारी व्यक्ती यांची सोय आठवडाभर आधी करावी आणि संस्था किती वाजेपर्यंत अन्न स्वीकारते हे तेव्हाच विचारून ठेवावे.